‘आत्ता नाही तर कधीच नाही’: कोल्हापुरात घर घ्यायच्या त्या मेसेजचा मुद्द्यामुद्द्यानं हिशोब

गेले काही दिवस एक मेसेज कोल्हापुरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. तालमीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, पोरांच्या शाळेचा ग्रुप, कुठलाच सुटला नाही. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, आता भाव डबल होणार. शहरात जागा संपली. घराचा भाव कधी पडत नाही. भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. बायकोचं नाव टाका, एक टक्का वाचवा. थोडे रोखीत द्या, दोघांचाही फायदा. आणि शेवटी ठळक अक्षरात, आज टोकन द्या, कागद नंतर बघता येतात, दुसरा गिऱ्हाईक दारात उभा आहे.

कर्जाच्या फायली बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळं मेसेज वाचून गप्प बसवेना. यातलं सगळंच खोटं नाही, ते पण सांगतो. पण प्रत्येक ओळ तुम्हाला एकाच दिशेनं ढकलत्या, लवकर सही करा. आणि तुमच्या घाईत फायदा कुणाचा हे मेसेजमध्ये कुठंच लिहिलेलं नाही.

बेंचचं बघू आधी. चार दशकं मागणी होती, १८ ऑगस्ट २०२५ पासून काम सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. आनंदाचीच गोष्ट आहे. वकील येणार, त्यांचा स्टाफ येणार, पक्षकार येणार, हे पण खरं. पण पक्षकार तारखेला येतो, जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो, तो टू बीएचके घेत नाही. वकिलाला लागतंय ऑफिस, ते पण कोर्टाजवळ. बेंच सध्या सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आहे आणि कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कची जागा आहे. त्यामुळं भाऊसिंगजी रोडच्या आसपास ऑफिसची भाडी चढली तर मला नवल वाटणार नाही, शेंडा पार्कच्या बाजूला प्लॉटवाले मिशीला पीळ देणार हे पण समजू शकतो, पण फुलेवाडीच्या पुढं बांधलेला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट बेंचमुळं डबल कसा होणार हे कुणीतरी मला समजावून सांगा. आणि बेंचची बातमी काय फक्त तुम्हालाच कळली काय? विकणाऱ्यानं पण पेपर वाचलाय की. त्यानं सांगितलेल्या दरात बेंच आधीच धरलेलं असतंय.

‘जागा संपली’ हे तर हसण्यासारखं. शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाल्यापासून आहे तेवढीच आहे, हद्दवाढीचं भिजत घोंगडं सगळ्यांना माहीत आहे. पण हद्द वाढली नाही म्हणून शहर वाढायचं थांबलं नाही. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, सगळीकडं बांधकामं चाललेत. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण केलं ते काय जागा संपली म्हणून केलं नव्हतं. संपलेली गोष्ट वेगळी आहे, चांगल्या कागदाची, पुरात न येणारी, पार्किंग असलेली जागा कमी आहे. ती कमीच असणार, आणि म्हणूनच ती ओळखायला वेळ लागतो.

‘भाव कधी पडत नाही’. बोर्डावरचा भाव पडत नाही हे मान्य. मंदीत बिल्डर दर कमी करत नाही, तो पार्किंग फुकट देतो, किचन ट्रॉली बसवून देतो, स्टँप ड्युटी आम्ही भरतो म्हणतो. हे सगळं दर कमी केल्यासारखंच आहे, फक्त दिसत नाही. आता ४५ लाखांचा नवा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा, महापालिका हद्दीत, नवऱ्याच्या नावावर. मुद्रांक ५ टक्के आणि वर १ टक्का अधिभार, म्हणजे २ लाख ७० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी १ टक्का, ४५ हजार. झाले ४८ लाख ४५ हजार. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायला फ्लॅट साडेअठ्ठेचाळीसला विकावा लागणार, त्यात व्याज, मेंटेनन्स, घरफाळा काहीच धरलेलं नाही.

हा १ टक्का जीएसटी पण सगळ्यांना नाही बरं का. आपल्यासारख्या शहरात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट, आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तरच १ टक्का. एकातरी मर्यादेच्या वर गेला की ५ टक्के. एकूण रकमेत पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जेस पण मोजतात. फ्लॅट ४५ चा सांगितला आणि पार्किंगचे १ लाख वेगळे लावले की ४६ वर २ लाख ३० हजार जीएसटी. एका लाखासाठी १ लाख ८५ हजार जादा. भाव करायचा तर इथं करा, टाइल्सच्या रंगावर तासभर वाद घालून काय मिळणार. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाल्याचा, राहायला परवानगीचा दाखला) मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटला आणि रिसेलला जीएसटी नाही, हे पण कुणी आपणहून सांगत नाही.

आता भाडं. याच फ्लॅटवर ३६ लाख कर्ज धरा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर देऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि स्टँप ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे खिशातनं ९ लाख अधिक वरचे ३ लाख ४५ हजार, साडेबारा लाख झाले, अजून पंखा लावलेला नाही. साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता ३१ हजार २०० च्या आसपास. त्यातलं पहिल्या महिन्याचं व्याज २५ हजार ५००. घरात गेले जेमतेम पावणेसहा हजार. आता तसाच फ्लॅट समजा १३ हजार भाड्यानं मिळतोय, तर मालकाला दिलेले १३ हजार पाण्यात गेले आणि बँकेला दिलेले साडेपंचवीस हजार मात्र गुंतवणूक, हा कुठला हिशोब? मी भाड्यानंच राहा म्हणत नाही. ज्याला पंधरा वर्षं इथंच राहायचंय, पोरं इथल्याच शाळेत, त्यानं घर घ्यावंच, त्याचं समाधान पैशात मोजता येत नाही. पण ज्याची तीन वर्षांत पुण्याला बदली व्हायची शक्यता आहे त्यानं या एका वाक्यावर घर घेऊ नये. (फ्लोटिंग रेटच्या घरकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो, तेवढं मात्र घेतलेल्यांनी लक्षात ठेवा.)

बायकोच्या नावाचं अर्धवट खरं आहे. १ टक्का सवलत मिळते, पण घर फक्त बाईच्या नावावर असलं तर. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत नाही. ‘नाव टाका’ आणि ‘नावावर करा’ यात ४५ लाखांवर ४५ हजारांचा फरक आहे आणि आपल्याकडं पुष्कळांना ‘टाका’ एवढंच परवडतंय.

रोखीचा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण हा मेसेज शेअर करणारी माणसं चांगली शिकलेली आहेत. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेणं आयकर कायद्यात बंद आहे, रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. झाला विकणाऱ्याचा ‘फायदा’. आता घेणाऱ्याचा बघू. ४५ चा फ्लॅट, १० रोख, कागदावर ३५. स्टँप ड्युटी वाचली ६० हजार, ती पण रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं ठरवलेली, किंमत ३५ च्या खाली असेल तरच, कारण ड्युटी दोन्हीत जी रक्कम जास्त तिच्यावर लागते. बँक ३५ वरच कर्ज मोजणार, म्हणजे रोखीचे १० पूर्ण तुमच्या खिशातनं. करार सरकारी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेला तर फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स. आणि उद्या घर विकताना तुमची खरेदी ३५ चीच धरणार, १० लाख फुकटचा नफा दिसणार, साडेबारा टक्क्यांनी सव्वा लाख, वर सेस. दुसरं घर घेऊन तो टॅक्स वाचवाल एखादवेळेस, पण ६० हजार वाचवायला हा सगळा उपद्व्याप कशाला?

आता शेवटचा आणि खरा मुद्दा, आधी टोकन मग कागद.

अलीकडंच एक फाईल आली. दीड गुंठ्याचा प्लॉट, हद्दीबाहेर, वर नवीन बांधलेलं रो हाऊस, दिसायला झकास. इसार, म्हणजे टोकन, २ लाख दिलेला, पाचशेच्या स्टँपवर, दोन साक्षीदार, सगळं व्यवस्थित. सातबारा काढला तर त्यावर सतरा नावं. दीड गुंठा वेगळा झालेलाच नाही, मोठ्या गटातला अविभक्त (न वाटलेला) हिस्सा खरेदी दिलेला. बिगरशेती आदेश नाही, गुंठेवारीचं नियमितीकरण नाही. इतर हक्कात मूळ मालकाच्या दोन बहिणींची नावं, हक्कसोड पत्र नाही. बँकेनं अर्थातच नाही म्हटलं. मालक म्हणतोय तुम्ही मोडलं, इसार विसरा. इसारपावतीत कर्ज नाकारलं तर पैसे परत असं कुठंच नव्हतं, तो तरी कशाला सोडेल.

आपल्या भागात हे बघायलाच लागतंय. शहरात प्रॉपर्टी कार्ड, बाहेर सातबारा आणि फेरफार. जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर परवानगी आहे का. देवस्थान इनाम (देवळाला दिलेली जमीन) असेल तर त्या जागेकडं बघू पण नका, विकणारा कितीही पाहुणा असू दे. वकिलाकडनं तीस वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या, त्याला येणारा खर्च टोकनच्या मानानं चिल्लर असतो. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर नंबर टाकून बघा. करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांच्या वर घेऊ शकत नाही, कायद्यातच आहे. पण पेठेत वाडा पाडून बांधलेली सहा-आठ फ्लॅटची बिल्डिंग बहुतेक वेळा रेरात येतच नाही, ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीतनं सूट आहे, तिथं दुप्पट सावध.

आणि पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट धोका पातळी, २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आणि २०२१ मध्ये परत तेच. पाटबंधारेच्या नकाशात निळी रेषा आणि लाल रेषा कुठनं गेल्या ते बघा, निळ्याच्या आत म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची जागा. रमणमळा, दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण रेषा गल्लीचं नाव बघून फिरत नाही, एकाच रस्त्यावर अलीकडचं घर कोरडं आणि पलीकडच्याचा मीटर पाण्याखाली असं झालेलं आहे. पार्किंगमध्ये जाऊन बघा. नवा रंग फक्त छातीपर्यंतच मारलेला असेल, लाइटचे मीटर उचलून पहिल्या जिन्याच्या वर नेलेले असतील, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन २०१९ ला पोती कुठं हलवली होती एवढंच विचारा. एजंट सांगणार नाही ते दुकानदार सांगतो.

दुसरा गिऱ्हाईक दारात असतो का? कधीकधी खरंच असतो. कागद स्वच्छ, लिफ्ट, पार्किंग, दर रास्त, असा फ्लॅट थांबत नाही, मेसेजमधलं एवढं मला मान्य आहे. पण त्यावर उपाय डोळे मिटून टोकन देणं नाही, तयारी आधी करणं आहे. घर बघायला सुरुवात करायच्या आधी बँकेकडनं कर्जाची रक्कम मंजूर करून ठेवा. वकील ठरवून ठेवा. नोंदणी विभागाच्या साइटवर त्याच भागातले इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीचे उतारे) बघा, खरेदी किती रकमेला नोंदली गेली ते दिसतं, बोर्डावरचा दर आणि झालेला व्यवहार यातला फरक कळतो. मग आवडलं तर छोटा इसार द्या, चेकनं किंवा ऑनलाइन, आणि पावतीत लिहून घ्या की टायटल स्वच्छ निघालं नाही किंवा बँकेनं जागेच्या कागदावरनं कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. जो मालक एवढं लिहून द्यायला कांकू करतोय त्याला कागदात काय आहे ते तुमच्या आधी माहीत असतंय.

विकणाऱ्यांनी पण हा मेसेज वाचून दर वाढवून ठेवलेत, त्यांच्यासाठी एवढंच. तुम्हाला हे विकून दुसरं घर घ्यायचं असेल तर टॅक्स वाचवायला विक्रीनंतर दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम लागतंय, आणि तुम्ही पाच लाख जास्त मागून वर्षभर बसलात तर तुम्हाला घ्यायचंय त्या घराचा मालक पण हाच मेसेज वाचून बसलाय. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याच्या वरचा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून पैसे देणार, त्यावरनं भांडू नका, तो तुमच्याच नावावर जमा होतोय. आणि घरफाळा, पाणीपट्टीच्या पावत्या, सोसायटीचं ना हरकत, शेअर सर्टिफिकेट एका फायलीत लावून ठेवा. गिऱ्हाईक अडतं ते बहुतेक वेळा दरावर नाही, यातल्या एखाद्या न सापडणाऱ्या कागदावर.