उजव्या कोपऱ्यातला ठिपका

तालुक्याच्या गावांतल्या जुन्या थिएटरांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही ते सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पिक्चर दाखवायचं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटर लोकांचं मी उगाच कौतुक केलं. पिक्चर दर शोला दोनदा तुटायचा, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काळे डाग उमटायचे, उजेड मळकट असायचा, ओठ आणि शब्द जुळायचे नाहीत, गाणी कापलेली असायची. ऑपरेटर केबिनमध्ये झोपा काढायचे. डिजिटल आलं आणि ही कटकट संपली. तुमच्या गावचं बंद थिएटर आता पाडणार आहेत, तर आतली दोन मशीनं आणि रिळांचे डबे भंगारात गेलेलेच बरे.

तक्रारी बहुतेक सगळ्या खऱ्या आहेत. कारणं मात्र चुकली आहेत, आणि दोष भलत्याच माणसाच्या माथी गेला आहे.

आधी त्या काळ्या डागाचं बघू. तो डाग नाही, खूण आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम (सुटी चित्रं), म्हणजे मिनिटाला ९० फूट पळते. थिएटरातल्या मोठ्या रिळावर २००० फूट फिल्म बसते, ती २२ मिनिटांत संपते. तीन तासांचा पिक्चर म्हणजे १६,००० फुटांच्या वर, आठ-नऊ रिळं. म्हणून केबिनमध्ये दोन मशीनं. एकावरचं रीळ संपताना दुसरं सुरू व्हायला हवं आणि खुर्चीतल्या माणसाला त्याचा पत्ता लागता कामा नये. त्यासाठी रीळ संपायच्या साधारण ८ सेकंद आधी उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, फक्त चार फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. त्यानंतर सुमारे ७ सेकंदांनी दुसरा.

पहिला ठिपका दिसण्याआधीच दुसऱ्या मशीनमध्ये फिल्म ओवून, सुरुवातीच्या पट्टीवरचा ठरलेला आकडा गेटसमोर, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीसमोर, आणून ठेवलेला असतो. उजेडासाठीच्या कार्बनच्या कांड्या मिनिटभर आधी पेटवून ज्योत स्थिर केलेली असते. पहिल्या ठिपक्याला मोटर चालू. दुसऱ्याला नव्या मशीनची झडप उघडायची, जुन्याची बंद करायची, त्याच क्षणी आवाजही इकडून तिकडे. मोटर आधी सुरू झाली तर पुढच्या रिळाची सुरुवात वाया जाते, उशीर झाला तर पडदा पांढरा पडतो किंवा सुरुवातीचे आकडे सगळ्या हॉलला दिसतात. हे एका शोमध्ये सात-आठ वेळा, दिवसाला चार शो. झोपलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही.

तुम्हाला ठिपके ‘फार’ दिसायचे, त्यालाही कारण आहे. प्रिंट, म्हणजे पिक्चरची प्रत, तुमच्या गावी यायच्या आधी अनेक थिएटरांतून फिरलेली असे. रिळाची टोकं सगळ्यात जास्त झिजतात, तुटतात आणि प्रत्येक जोडाला काही फ्रेम कमी होतात. मूळ खूणच कापली गेली की ऑपरेटर इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, खरवडून स्वतःची फुली मारायचा. पुढच्या गावचा आणखी एक मारायचा. मग कोपऱ्यात चांदण्या पडल्यासारखं दिसायचं. हे वाईटच, खरवडण्याऐवजी पुसता येणारी खूण करणं कधीही चांगलं.

आता तुटण्याबद्दल. फिल्म गेटमधून सरळ वाहत जात नाही. प्रत्येक फ्रेम भिंगासमोर येऊन थांबते, मग दातेरी चाक तिला साधारण १/९६ सेकंदात खाली ओढतं आणि पुढची आणून उभी करतं. तो झटका फ्रेमच्या दोन्ही कडांची चार-चार भोकं सोसतात. चाकाचे दात झिजून आकड्यासारखे वाकले की ते भोकाच्या कोपऱ्यात रुततात. भोक फाटतं, शेजारचं फाटतं, मग फिल्म. दात झिजल्यावर चाक बदलायचं असतं आणि तो खर्च मालकाचा. वाकलेल्या दातांच्या एका मशीनवर प्रिंट आठवडाभर चालली तर पुढच्या दहा गावांत ती तुटणार. पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त त्याच्या गावचा ऑपरेटर.

जोड लावणं हेही कौशल्याचं काम. तुटलेली टोकं फ्रेमच्या रेषेवर कापायची, एका बाजूचं इमल्शन ब्लेडने पार तळाच्या प्लॅस्टिकपर्यंत खरवडायचं, फिल्म चिकटवायच्या सोल्यूशनचा एकच पातळ हात, मग भोकावर भोक बसवून दाब. इमल्शनचा पापुद्रा जरी राहिला तरी जोड पुढच्या शोला सुटतो. सोल्यूशन जास्त झालं तर तिथली फिल्म आक्रसते आणि गेटमध्ये उडी मारते. भोक एकानेही चुकलं, तर तुम्ही पाहिलेला प्रकार: पाय वर, डोकी खाली, मधे आडवी काळी रेघ. तेव्हा मशीनवरची फ्रेम जुळवायची मूठ फिरवायची, की चित्र जागेवर येतं. शिट्ट्या सुरू झाल्यापासून दोन-तीन सेकंदांत ते झालं असेल, तर माणूस मशीनपाशीच उभा होता.

मळकट उजेडाचं खापर मी मालकांवर फोडतो. कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या फटीत ज्योत जळते. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागतात. ज्योत मागच्या आरशासमोरच्या नेमक्या जागेवरून हलली की पडदा एका कडेला तपकिरी किंवा निळसर होतो. एवढी जबाबदारी ऑपरेटरची, मान्य. पण कांड्या वाचवण्यासाठी कमी अँपिअरवर चालवा, उरलेले तुकडे जोडून जाळा, पडदा वर्षानुवर्षं धुऊ नका, हे हुकूम ऑफिसातून यायचे. त्यात गावची वीज संध्याकाळी खाली गेली की ज्योतही पडायची.

ओठ आणि शब्दांचं कारण तर गमतीदार आहे. चित्र दाखवणारं गेट वर आणि आवाज वाचणारं यंत्र खाली असल्यामुळे आवाज चित्राच्या साधारण २० फ्रेम पुढे छापलेला असतो. गेटच्या खाली फिल्मचा जो सैल फास ठेवतात त्याच्या मापावर सगळा मेळ. घाईत ओवताना फास दोन-तीन फ्रेम मोठा राहिला की शब्द मागे पडतो आणि ते डोळ्याला कळतं. म्हणजे इथे तुमचा दोष बरोबर माणसाला लागला. मात्र हे बहुतेक वेळा तुटलेली फिल्म अंधारात, आरडाओरड्यात पुन्हा ओवल्यावरच व्हायचं. शिवाय लांब हॉलच्या मागच्या भिंतीशी, पडद्यापासून ३० मीटरवर बसलात, तर आवाज हवेतूनच दोन फ्रेम उशिरा पोचतो. त्याला कोणीच काही करू शकत नाही.

कापलेल्या गाण्यांबाबत मी तुमच्या बाजूने आहे, आणि लेखात हे आलं नाही ही माझी चूक. १२-३-६-९ या वेळांत सव्वातीन तासांचा पिक्चर, वर जाहिराती, फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट आणि मध्यंतर बसत नाही. साडेचार मिनिटांचं गाणं म्हणजे ४०० फूट. ते काढलं की शेवटची एसटी गाठता येते, असा मॅनेजरचा हिशेब. कापलेला तुकडा प्रिंट परत करताना जागेवर जोडायचा असतो. अनेकदा तो जोडला जात नसे आणि पुढच्या गावाला ते गाणं कधी दिसायचंच नाही. तिकिटाचे पैसे पूर्ण घेऊन अर्धवट चित्र दाखवणं ही फसवणूक होती.

डिजिटलचा मोठा फायदा तालुक्याला झाला, यात शंका नाही. २००५ नंतर उपग्रहावरून पिक्चर येऊ लागला आणि मुंबईचा शुक्रवार तोच गावचा शुक्रवार झाला. पण दिवा म्हातारा झाला की पडदा तिथेही मळतो, आणि कुलूपबंद फाइलची किल्ली, म्हणजे ती उघडणारा सांकेतिक कोड, वेळेत आली नाही तर शो रद्द. ते ब्लेड आणि सोल्यूशनने दुरुस्त होत नाही.

राहिली तुमच्या गावची मशीनं आणि डबे. कृपा करून घाई करू नका. डबे आधी मोकळ्या हवेत, उन्हापासून दूर उघडा. जवळ विडी-सिगारेट नको. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ किंवा ‘नायट्रेट’ असं बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं सापडेल. नायट्रेट असेल, किंवा १९५० च्या आधीची फिल्म असून चिकट झाली असेल, तपकिरी भुकटी सुटत असेल, तर तो डबा पुन्हा घट्ट बंद करू नका, घरातही नेऊ नका; ती फिल्म फार लवकर पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. सेफ्टी फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती रिळं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, एकाची सड दुसऱ्याला लागते. डब्यांवरची नावं, रिळांचे क्रमांक आणि भाषा यांची यादी करा, फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. एखाद्या मराठी चित्रपटाची एवढीच प्रत उरलेली असू शकते.

मशीनची मोटर उत्सुकतेपोटी चालू करू नका. आतल्या पेटीतलं तेल घट्ट झालेलं असेल, कोरडी फिरली तर दातेरी चाकाची यंत्रणा कायमची बिघडेल. जुनं तेल काढून नवं भरा आणि हाताच्या मुठीने चार-पाच फेरे सावकाश फिरवा. दिव्याच्या पेटीतला आरसा सुटा करून कापडात गुंडाळा. पेटीत कार्बनऐवजी झेनॉनचा बल्ब बसवलेला असेल तर त्याला हात लावू नका. तो थंड असतानाही आतल्या दाबाने फुटू शकतो. तो काढायला चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा आणि हातात जाड मोजे घालणारा जुना ऑपरेटरच बोलवा. तुमच्या गावात अजून एखादा असेल.