यहेज्केलचे दर्शन आणि अंतर्मन: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बायबलच्या जुन्या करारातील संदेष्टा यहेज्केल याच्यावरील माझ्या लेखाला आपला आक्षेप असा, की संदेष्ट्यांची वचने इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) बंदी करून नेलेल्या ज्यू लोकांच्या इतिहासाविषयी आहेत आणि त्यांत अंतर्मनाची वाट शोधणे म्हणजे त्यांच्यावर आपला वेदान्त लादणे होय. ठाण्यातल्या बेने इस्राएल (मराठीभाषक ज्यू) शेजाऱ्यांना विचारा, असेही आपण सुचवले आहे.

यहेज्केलच्या पुस्तकातील सदतिसाव्या अध्यायाबाबत आपले-माझे भांडण नाही. त्या दर्शनातली वाळलेली हाडे म्हणजे इस्राएलाचे घराणे, हे तिथे मजकूरच सांगतो. त्यात कुंडलिनी शोधणाऱ्यांशी माझेही जमत नाही.

आठवा अध्याय मात्र निराळा आहे. यहेज्केल बाबेलमध्ये आपल्या घरी बसला आहे, समोर यहूदाचे वडील (वडीलधारे पुढारी) आहेत, आणि दर्शनात त्याला यरुशलेमच्या मंदिरापाशी नेले जाते. भिंतीत एक भोक आहे. ते खणल्यावर दार दिसते. आत भिंतीभर सरपटणारे जीव आणि ओंगळ पशू चितारलेले, आणि त्यांच्यापुढे अंधारात सत्तर वडील हाती धुपाटणी घेऊन उभे, 'परमेश्वर आपल्याला पाहत नाही' असे म्हणत. हा मंदिरातल्या अनाचाराचा पंचनामा आहे, यात शंकाच नाही. पण चौदाव्या अध्यायात इस्राएलाचे काही वडील त्याच्यापुढे येऊन बसतात, तेव्हा परमेश्वर म्हणतो, की या माणसांनी आपल्या मूर्ती अंतःकरणातच मांडल्या आहेत. भिंतीवरून अंतःकरणाकडे संदेष्टा स्वतःच वळला आहे. मी त्याच्यामागून गेलो, इतकेच.

'वेदान्त लादणे' हे तर मुळीच पटत नाही. मकारियस या ख्रिस्ती साधूच्या नावावर असलेल्या चौथ्या शतकातील ग्रीक प्रवचनांपैकी पहिलेच यहेज्केलला पहिल्या अध्यायात दिसलेल्या चार प्राण्यांच्या दिव्य रथावर आहे, आणि त्यातले चार प्राणी म्हणजे इच्छा, सदसद्विवेक, बुद्धी व प्रेम या आत्म्याच्या शक्ती, असे तिथे उघड म्हटले आहे. ज्यू परंपरेने तर हा रथ इतका गूढ मानला, की शिष्य स्वतः जाणता असल्याखेरीज त्या एकट्यालाही तो शिकवू नये, असे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाने बजावले.

शेजाऱ्यांचे म्हणाल, तर १८७९ सालचे सिनेगॉग असलेल्या याच ठाण्यात गोड पोहे, खोबरे आणि फळांचे मलिद्याचे ताट मांडून एलियाहू हन्नबीचे (संदेष्टा एलियाचे) स्तवन होते. तो संदेष्टा त्यांच्या इतिहासातला पुरुष आहे आणि त्या दिवशी घरी येणाराही आहे. ते माझा अर्थ मान्य करतील असे मी म्हणत नाही. इतिहास आणि प्रचीती यांतले एकच निवडा, हा आपला आग्रह मात्र मला त्यांच्यात दिसत नाही.

चौदाव्या अध्यायातील तिसऱ्या, म्हणजे अंतःकरणातल्या मूर्तींच्या, वचनाचा आपल्या प्रतिक्रियेत उल्लेख नव्हता. ते आपण कसे लावता, हे कृपया कळवावे.