आखाड्याचं कुलूप आणि औषधाची बाटली

मारुतीच्या पारावर सांजच्याला आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या शेडवरून, चोरीला जाणाऱ्या फवारणीच्या औषधांचा विषय निघाला. सोयाबीनवर अळी आली की तो निघतोच. काकांचं म्हणणं सरळ होतं, "सात लिव्हरचं कुलूप घ्या. मंग कोण कामून फोडतंय?"

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या अण्णांनी लगेच अडवलं. "काका, कुलूप कोणी फोडतच नाही. कोयंडा उचकटतेत. लाकडात चार बारके स्क्रू, पहारीचा एक झटका बस झाला. कोयंड्याला आरपार बोल्ट घाला, नट आतल्या अंगाला, अन् नटावर वेल्डिंगचा टाका मारा. दार बाहेर उघडत असंल तर बिजागरीची पिनबी बाहेरच राहते. ती ठोकून काढली की कुलूप जागच्या जागी अन् दार हातात."

"अन् पत्रे?" बापूंनी विचारलं. "हुकाचे नट तर वरून पान्यानं खोलता येतेत."

"म्हणून आत लोखंडी पेटी पाहिजे, तळातून चार बोल्टनं कोब्यात आवळलेली. दोन्ही बाजूंना वर जाळीची भोकं ठेवा, वास कोंडू देऊ नका. भुकटी वरच्या कप्प्यात, पातळ औषध खाली. उलटं ठेवलं अन् बाटली गळली तर खालची पुडी वाया जाते. चोराला डबा नको असतो, खिशात मावणारी महागडी बाटली पाहिजे असते. तेवढी तरी पेटीत असू द्या." युरियाची गोणी ४५ किलोची, ती उचलायला गाडी लागते, पण फुटकी गोणी दावणीजवळ ठेवू नका, बैलानं खाल्ला तर युरियाच विष होतो, असंही अण्णा जाताजाता म्हणाले.

बापू वैतागले. "एवढं करण्यापरीस घरीच आणतो की. माळ्यावर कोणाच्या नजरंस पडत नाही."

खरा वाद इथं पेटला. कृषी पदविकेला शिकवणारे मास्तर एकदम ताठ बसले. "चोरापासून वाचवायला तुमी ते लेकराबाळांत आणायलात. कीटकनाशक नियम १९७१ मधला ३६ वा नियम काय म्हणतो? वेगळी खोली, नाहीतर कुलपाचं वेगळं कपाट. माळ्यावर ज्वारीच्या शेजारी नाही."

"मंग घरातल्या पेटीलाच कुलूप लावू," काका म्हणाले.

"श्रीलंकेत ते करून पाहिलंय. १८० गावं घेतली, त्यातल्या निम्म्या गावांत घरोघर कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ मध्ये निकाल छापून आला, विष घेण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं. किल्ली घरातच असती ना काका! तिथं मरणं घटली ती अतिजहाल औषधं बाजारातून काढल्यावर."

पारावर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मास्तरांचा मुद्दा एवढाच होता की साठाच करू नका. सोयाबीनला क्लोरँट्रानिलीप्रोल हे अळीचं औषध एकरी ६० मिली लागतं. दोन एकर असतील तर ६० मिलीच्या दोन बाटल्या, फवारणीच्या सकाळी आणायच्या अन् त्याच दिवशी संपवायच्या.

अण्णांना हे पटेना. "ऐन टायमाला माल संपतो. लिटरचा डबा स्वस्त पडतो, चौघं मिळून वाटून घेतेत."

"वाटून म्हणजे कशात? पाण्याच्या बाटलीत! लेबल गेलं, विष किती जहाल ते सांगणारा लाल नाहीतर पिवळा त्रिकोण गेला. प्यायलेल्या लेकराला दवाखान्यात नेलं तर डॉक्टरला काय सांगायचं?"

अण्णा इथं गप्प झाले, आणि मला वाटतं बरोबरच झाले. माल संपायची त्यांची अडचण खरी आहे. त्यावर चौघांनी आधी नोंद द्यावी, अण्णांनी प्रत्येकाच्या नावानं सीलबंद बारक्या बाटल्या दुकानातच राखून ठेवाव्यात, हे त्यांनीही मान्य केलं. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील, पण औषध दुसऱ्या बाटलीत ओतणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

रिकाम्या बाटलीवर मात्र दोघांचं एकमत झालं. पाव बाटली पाणी घालून अर्धा मिनिट हलवायची, ते पाणी पंपातच ओतायचं, असं तीनदा. मग बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची आणि लेबल फाडायचं. धड बाटली भंगारात गेली की तिच्यात बनावट औषध भरून परत विकलं जातं. नाहीतर कोणी तिच्यात रॉकेल भरून ठेवतं. नियमही हेच सांगतो: फोडा आणि वस्तीपासून लांब पुरा. विहिरीपासूनही लांब, असं काकांनी जोडलं.

"अन् एवढं करूनबी चोरी झालीच तर?" बापूंनी विचारलं.

"आधी मोजा, काय गेलं ते," अण्णा म्हणाले. "बिलावर बॅच नंबर असतो. आणल्या दिवशी बिलाचा अन् बाटलीचा फोटो काढून ठेवा, पोलिसांत तोच दाखवा. नंबर नसंल तर सापडलेली बाटली तुमचीच, हे कशावरून सांगणार? अन् शेजारच्या आखाड्यांवर लगेच कळवा. भ्यालेला चोर बाटली विहिरीत टाकतो. तुमची विहीर असंल, नाहीतर त्यांची."