अंतराळयुद्धावर व्याख्यान कसे ठोकावे

गोव्यात सध्या व्याख्यात्यांना बरे दिवस आहेत. विषय तेवढा उंचावरचा हवा. रस्ते, पाणी, वीज यांवर बोललात तर लोक आडवे प्रश्न विचारतात. तीनशे किलोमीटर वर जाऊन कोण बघतोय? म्हणून 'लष्कराची अंतराळ कमांड' हा विषय घ्या. गेल्या रविवारी फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात असे एक व्याख्यान आमच्या नशिबी आले. त्यातून जे शिकलो ते होतकरूंसाठी मांडतो.

सर्वप्रथम, उशिरा या. जीपीएसच्या उपग्रहाचे घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले तर जमिनीवर तीनशे मीटरचा घोळ होतो. वक्त्याचे घड्याळ दीड तास चुकले तरी त्याला शाल मिळते.

मागे पडद्यावर इंग्रजी सिनेमातली लढाई लावा आणि धडामधुडूम आवाज चालू ठेवा. पोकळीत आवाज जात नाही हे सांगणारा विज्ञानाचा मास्तर निघालाच, तर त्याला आभारप्रदर्शनाचे काम द्या.

आता मुख्य गोष्ट. कोण कुणाच्या हाताखाली, या फंदात पडू नका. नागरी इस्रो, संरक्षण संशोधनवाली डीआरडीओ, सेना, सगळे एकाच पातेल्यात घालून ढवळा. आमच्या वक्त्यांनी भारताची अंतराळ कमांड सरळ इस्रोच्या अध्यक्षांच्या हवाली केली. टाळ्या! बंगळूरला 2019 साली संरक्षण अंतराळ एजन्सी उभी राहिली, ती तिन्ही दलांची मिळून आहे, एकात्मिक संरक्षण मुख्यालयाखाली येते आणि तिचा पहिला प्रमुख हवाई दलातला होता, असले काही सांगू नका. 27 मार्च 2019 ला भारताने आपलाच एक उपग्रह पाडला तो डीआरडीओच्या क्षेपणास्त्राने, हेही नको. तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून मुद्दाम कमी उंचीवरचा उपग्रह निवडला होता, हे तर मुळीच नको. चीनने 2007 साली साडेआठशे किलोमीटरच्या वर हाच उद्योग केला. त्यातले कितीतरी तुकडे आजही फिरताहेत आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यात माणसे आयुष्य घालवताहेत. पण नजर ठेवणे म्हणजे काय पराक्रम? पराक्रम म्हणजे लेझर!

अमेरिकेचे तर विचारूच नका. 'स्पेस फोर्स' आणि 'स्पेस कमांड' एकच, असे दडपून सांगायचे. अहो, एकच कसे? स्पेस कमांड 1985 ची, 2002 मध्ये गुंडाळली आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा उभारली. स्पेस फोर्स त्याच वर्षीच्या डिसेंबरातली. स्पेस फोर्सने माणसे भरती करायची, शिकवायची, सज्ज ठेवायची; स्पेस कमांडने ती मोहिमेवर वापरायची. उत्सवातल्या नाटकाचा तालीम मास्तर नट तयार करतो आणि प्रयोगाच्या रात्री पडदा कधी वर घ्यायचा ते दुसराच ठरवतो, हे गावच्या पोरालाही कळते. स्पेस फोर्समध्ये पुन्हा कामांची वाटणी आहे. क्षेपणास्त्र उडाल्याची सूचना देणारी तुकडी वेगळी, कचऱ्यावर आणि परक्या उपग्रहांवर पहारा ठेवणारी वेगळी, संदेशवहन सांभाळणारी वेगळी. बहुतेक जण जमिनीवर, पडद्यासमोर, रात्रपाळीला. कंटाळवाणे आहे? असणारच! युद्ध असेच चालते. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा अंतराळात एक गोळी सुटली नाही. उपग्रह इंटरनेटचे जमिनीवरचे मोडेम बिघडवले आणि तिकडे जर्मनीतल्या हजारो पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. वक्त्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांच्या लेझरला मोडेमची काय पर्वा!

दाबोळीचा उल्लेख टाळा. नौदलाचा एवढा मोठा तळ तासाभरावर आहे आणि 2013 साली खास नौदलासाठी जीसॅट-7 हा उपग्रह सोडला, हे सांगितले तर विषय फारच जवळ येतो.

प्रश्न विचारणाऱ्याची देशभक्ती तपासा.

आमच्याकडे ती तपासली गेली एका मुलीची. अकरावीतली असेल. पुढच्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसली होती; 'इस्रो = आर्मी' असे लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या मी पाहिल्या. तिने उभे राहून विचारले, "सर, जीपीएस कोण चालवतं?" सर म्हणाले, "गूगल." ती म्हणाली, "पण उपग्रह कुणाचे?" तर "बाय, खाली बस, आपल्या देशाबद्दल विचार!"

इथे माझा उपरोध संपतो. त्या मुलीचा प्रश्न सगळ्या व्याख्यानात एकमेव शहाणा होता. जीपीएस अमेरिकेची स्पेस फोर्स चालवते, कोलोरॅडोतल्या श्रीव्हर तळावरून. ते उपग्रह सैन्याने सैन्यासाठी सोडले आणि तुमच्या-माझ्या मोबाईलला ते फुकट वापरू देतात. एवढे एक वाक्य येत नव्हते तर 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणायला काय झाले होते? मोठ्या माणसाने मुलांसमोर थापा मारायच्या, पकडले गेल्यावर मुलीलाच दरडावायचे, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या! समितीवाल्यांनो, तुम्ही त्यांना पुढच्या वर्षीचेही आमंत्रण दिलेत, मी कानांनी ऐकले. आधी त्या मुलीच्या घरी जा, माफी मागा आणि तिची ती वही दुरुस्त करून द्या.