लॉकरला दोन चाव्या का असतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश मुळात कोणी पाठवला याचा माग काढण्याची सक्ती करणाऱ्या सरकारी नियमाविरुद्ध मी लिहिले, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. तिचा गोषवारा आधी नोंदवतो, म्हणजे मी सोयीचे तेवढेच उचलले असे कोणाला वाटायला नको. आपले म्हणणे असे की, ज्याच्या मनात पाप नाही त्याने झडतीला भिण्याचे कारण नाही. राईनपाड्यात पाच निरपराध माणसे अफवेपायी मारली गेली तेव्हा खासगीपणाचे गोडवे गाणारे कोठे होते. एन्क्रिप्शनची, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही संदेश वाचता येऊ नये म्हणून त्याला लावलेल्या कुलपाची, चावी सरकारकडे राहिली म्हणून ती चोराच्या हाती पडेल असे मानणे हा कांगावा आहे. आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे आता तोंड लपवून शिव्या देण्याची मुभा झाली आहे. पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे गुप्तता आणि लपवाछपवी यांतला फरक आपल्याला कळतो, असेही आपण शेवटी लिहिले आहे.

मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण आपण लॉकर हाताळले असणार. लॉकरला दोन चाव्या लागतात. बँकेची मास्टर की एकटी काही उघडू शकत नाही आणि ग्राहकाच्या चावीची दुसरी प्रत बँक स्वतःजवळ ठेवत नाही. काही वर्षांपूर्वी आईच्या लॉकरची चावी हरवली तेव्हा हे मी जवळून पाहिले. अर्ज झाला, शुल्क भरले, लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी ड्रिल घेऊन आला, दोन साक्षीदार उभे राहिले, आणि त्या बंदिस्त खोलीत कान किटवणारा आवाज करत कुलूप फुटले. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पिवळा कीस सांडला होता. आत दोन पाटल्या, एक जुनी मुदतठेवीची पावती आणि आजोबांची पत्रिका निघाली. आईजवळ लपवण्यासारखे काहीही नव्हते, तरीही "प्रत्येकाच्या चावीची एक प्रत आमच्याकडे राहू द्या, म्हणजे पुढच्या वेळी हा खटाटोप नको," असे कोणी म्हणाले नाही. आणि म्हणाले असते तर पहिला आक्षेप आपल्यासारख्या अधिकाऱ्यानेच घेतला असता. लॉकर फोडणे त्रासाचे, खर्चाचे आणि चारचौघांदेखत होते, म्हणूनच ते त्या एका लॉकरपुरते राहते. तपासासाठी एखाद्या संशयिताचा फोन कायदेशीर मार्गाने जप्त करून तपासणे या प्रकारात मोडते. त्याला माझा विरोध नव्हता आणि नाही.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील चौथ्या नियमाचे प्रकरण वेगळे आहे. पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने, न्यायालयाचा किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खालील सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, संदेशाचा पहिला जनक शोधून द्यावा, असे तो सांगतो. (येथे 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. सक्षम अधिकारी म्हणजे केंद्राचा वा राज्याचा गृहसचिव. न्यायाधीशाची गाठ पडलीच पाहिजे असे नाही.) आता, उद्या कोणत्या संदेशाबद्दल आदेश निघेल हे आज कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे तो एक संदेश शोधता यावा म्हणून कोट्यवधी लोकांच्या प्रत्येक संदेशाची खूण आधीपासून साठवून ठेवावी लागेल, असे व्हॉट्सअ‍ॅपने म्हटले आहे, आणि याच मुद्द्यावर कंपनी मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कंपनीच्या हेतूंबद्दल मला भाबडेपणा नाही, पण हा युक्तिवाद कोणी केला यावरून तो खोटा ठरत नाही.

राईनपाड्याबद्दल आपला प्रश्न मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. अशा घटनेनंतर "हे सुरू कोणी केले?" हा प्रश्न विचारणे माणुसकीचेच लक्षण आहे. पण नियम या प्रश्नाला काय उत्तर देतो ते पाहा. मुलांच्या अपहरणाच्या भीतीने त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेची जागृती करणारी होती. तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कापून ती पसरवली गेली. संदेशाचा जनक भारताबाहेर असेल तर भारतातील पहिला प्रेषक हाच जनक मानला जाईल, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ती चित्रफीत कापणारा हात सापडलाच नाही तरी, नातवंडांच्या काळजीने ती आपल्या बहिणीला पाठवणारी कोणी आजी कागदोपत्री 'जनक' ठरू शकते. आणि खरोखर खोडसाळ असलेला माणूस चित्रफितीत एक ठिपका वाढवतो, किंवा तिचे पुन्हा चित्रण करतो, की संगणकाच्या लेखी ती नवी चित्रफीत होते. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी संदेशासोबतच जनकाची खूण जोडण्याची सूचना केली होती, तेव्हा आपल्या पवईच्या आयआयटीतील प्रा. मनोज प्रभाकरन यांनी ती खोडून काढली. फेरफार केलेले अ‍ॅप वापरून अशा खुणेला चकवा देता येतो, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. उपाय साधा आणि उशिराचा होता, पण त्यासाठी कोणाचेही कुलूप सैल करावे लागले नाही.

चावी चोराकडे कशी जाईल, हा आपला तिसरा मुद्दा. मला वाटते आपल्या प्रतिक्रियेतील सर्वांत आत्मविश्वासाने लिहिलेले आणि सर्वांत कच्चे विधान हेच आहे. अथेन्समध्ये २००४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास व्होडाफोनच्या ग्रीक जाळ्यातील एरिक्सनच्या यंत्रांमध्ये कोणीतरी शिरले. पोलिसांना कायदेशीरपणे फोन ऐकता यावेत म्हणून त्या यंत्रांत एक सोय आधीच बसवलेली होती. ती वापरण्यासाठी लागणारी नियंत्रणप्रणाली कंपनीने घेतलीही नव्हती, त्यामुळे कोणी काय ऐकले याची नोंद ठेवणारेही काही नव्हते. घुसखोरांनी ती झोपलेली सोय जागी केली आणि खुद्द पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभरांवर व्यक्तींचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. मार्च २००५ मध्ये प्रकार लक्षात आला. सरकारसाठी केलेल्या दारातून आत येऊन सरकारच्याच प्रमुखाचे बोलणे ऐकले गेले, यापेक्षा बोलके उदाहरण मी रचूनही देऊ शकलो नसतो.

ही गोष्ट जुनी वाटत असेल तर २०२४ ची घ्या. अमेरिकेत दूरध्वनी कंपन्यांना १९९४ च्या कायद्याने तपासयंत्रणांसाठी अशी सोय ठेवावी लागते. चीनशी संबंधित हॅकर मोठ्या कंपन्यांत शिरून या व्यवस्थेपर्यंत पोहोचल्याचे उघड झाले, आणि वर्षानुवर्षे एन्क्रिप्शनविरुद्ध तक्रार करणाऱ्या त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांनी डिसेंबरमध्ये नागरिकांना एन्क्रिप्टेड अ‍ॅप वापरण्याचा सल्ला दिला. आपल्या क्षेत्रातले हवे असेल तर पुण्याची कॉसमॉस बँक आहेच. ऑगस्ट २०१८ मध्ये हॅकरांनी खरी पडताळणी यंत्रणा बाजूला ठेवून आपली बनावट यंत्रणा मध्ये घातली, ती एटीएमना "द्या पैसे" असे सांगत राहिली, आणि अठ्ठावीस देशांतून रकमा निघून एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता.

पाप नसलेल्याला भीती नसते, याबद्दल थोडेच लिहितो. आमच्या घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लोक आधार आणि पॅनच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्या संगणकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये मी परवा सहज डोकावलो, तर पडदा खाली सरकवून संपेना इतकी कार्डे तेथे पडून होती. त्यांतल्या एकाही माणसाने पाप केलेले नसावे. उद्या त्यांच्या नावाने कोणी सिमकार्ड घेतले तर पोलीस ठाण्यात खुलासा करत बसावे लागेल ते मात्र त्यांनाच.

आता शिव्यांविषयी. ट्रोलांचा त्रास खरा आहे, आणि स्त्रियांना तो माझ्या कल्पनेपलीकडे होतो, हे मान्य. परंतु बदनामी, धमकी, अश्लील छायाचित्रे पसरवणे यांसाठी कायदे आहेत आणि संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने वाजवी निर्बंधांना जागाही ठेवली आहे. शिवीगाळ रोखण्याच्या नावाने केलेला ढगळ कायदा कोणावर पडतो हे आपण पालघरमध्ये पाहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या नुसत्या 'लाइक' केल्या, आणि दोघींना अटक झाली. शिवाय एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. तरीही पोलीस ठाण्यांत ते इतके दिवस वापरात राहिले की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. त्या दोघींनी आपल्या नावाने लिहिले होते. तोंड लपवले नव्हते. पुढच्या वेळी कोणी आपल्या नावाने लिहायला धजावणार नाही, घरच्या गटात कुजबुजेल, आणि माग काढण्याची सोय तिथवरही पोहोचलेली असेल, ही माझी खरी काळजी आहे.

एका बाबतीत मात्र आपण मला बरोबर पकडलेत. "एन्क्रिप्शन असल्यामुळे आपले संवाद कोणालाही कळू शकत नाहीत," असे मी लिहिले होते. ते निष्काळजीपणाचे होते. आपण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोललो याची नोंद एन्क्रिप्शन झाकत नाही. उघडा फोन ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे वाचता येते, आणि गुगल ड्राइव्हवर ठेवलेला बॅकअप २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत या संरक्षणाबाहेरच होता. त्यानंतरही त्याचे एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागते, आणि आपली प्रतिक्रिया वाचून तपासले तेव्हा माझ्याच फोनवर ते बंद होते. मूळ लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे आणि दुरुस्ती वाचकाच्या आक्षेपावरून केली, अशी नोंद त्याखाली ठेवली आहे.