खाणीच्या गावात जन्म घेणाऱ्यांसाठी काही सूचना

जन्म कुठं घ्यायचा ते आधी नीट ठरवा. खानापूर, निपाणी, बेळगाव, कुठंही चालेल. चंद्रपूरकडच्या एखाद्या कोलरीच्या, म्हणजे कोळशाच्या खाणीच्या, क्वार्टरमध्ये मात्र घेऊ नका. आणि घेतलाच असेल, तर वडिलांना सांगून ठेवा की मरायचं झालं तर खाण चालू असतानाच मरा. कागद पटापट निघतात.

आमच्या आप्पांनी हे ऐकलं नाही. खाण बंद पडल्यावर खानापूरजवळच्या आपल्या गावी आले, भात पिकवलं, काजू लावले आणि गेल्या पावसाळ्यात गेले. आता आईच्या नावावर पेन्शन लावायची आहे. त्या खटपटीतून जे ज्ञान मिळालं ते तुम्हालाही द्यावं म्हणतो.

नोकरीला लागताना हाजरीबाबूच्या टेबलासमोरून हलू नका. तो रजिस्टरात काय लिहितो ते वाचा. तुम्ही शिकलेले नसाल, तर आधी शिका आणि मग लोडर, म्हणजे कोळसा भरणारे, व्हा. आप्पांचं नाव मारुती. तिकडच्या बाबूनं तिकडच्या रिवाजानं मारोती लिहिलं. आधारवर मारुती आहे. रेशन कार्डावर कन्नडातून फिरून जे काही उतरलंय त्याबद्दल न बोललेलं बरं. तर आता हा मारोती आणि तो मारुती एकच, हे सिद्ध करायचंय. त्यासाठी फॉर्म बी लागतो. खाणीतल्या प्रत्येक माणसाची नोंद त्यात असते: बापाचं नाव, जन्मतारीख, अंगठा. फॉर्म बी खाणीच्या ऑफिसात असतो. ऑफिस खाणीबरोबर बंद झालं. रजिस्टरं एरिया ऑफिसला, म्हणजे कंपनीच्या विभागीय कचेरीला, गेली म्हणतात. तिथं म्हणतात, त्या एरियाचं काम आता दुसरा एरिया बघतो. दुसरा एरिया म्हणतो, आमच्याकडं आलंच नाही. आणि इथल्या कचेरीतले साहेब पान चघळत सांगतात, "मॅनेजरची सही शिक्का आणा की ओ, लगेच करून देतो." कुठला मॅनेजर? त्या खाणीत आता पाणी भरलंय! इन्क्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उतरत्या वाटेच्या, तोंडाशी भिंत बांधलीय. मी काय पाणबुड्या घेऊन उतरू? वारसाचा दाखला वेगळा, तो मराठीत असला तर इथं नको, कन्नडात असला तर तिकडं वाचता येत नाही. सर्व्हर डाऊन. साहेब मीटिंगला. सोमवारी या.

असो. शांतपणे पुढं जाऊ.

कंपनीकडून फुकट काही घेऊ नका. क्वार्टर, वीज, पाणी, डिस्पेन्सरी, शाळेची बस, चुलीला कोळसा, सगळं मिळतं, आणि माणसाला वाटायला लागतं की हे आपलं गाव आहे. १ मे १९७३ ला खाजगी मालकांच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा तर आमच्या कॉलनीतल्या लोकांना वाटलं, आता नातवंडांचंही भलं झालं. गावाकडची माणसं भाऊबंदांना पत्रं लिहून बोलवायला लागली. भोंग्यावर घड्याळ लावायची सवय लागली. ती लावून घेऊ नका.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला एकदा जाऊन या. तिथल्या कोळशासाठी इंग्रजांनी वर्ध्याहून रेल्वे टाकली होती. खाण १९०६ साली बंद झाली. रेल्वे चालू आहे.

कोळसा संपला म्हणून गाव बसलं, असं कुणी सांगितलं तर मान डोलवा. वाद घालू नका. २०२४-२५ मध्ये देशानं १०० कोटी टनांवर कोळसा काढला, हे त्यांना सांगून उगाच लाजवू नका. शतकाच्या सुरुवातीला कोल इंडिया या सरकारी कंपनीकडं पाच लाखांवर माणसं होती, आता अडीच लाखांच्या आत आली आहेत, आणि कोळसा मात्र दुपटीहून जास्त निघतो. भुयारात टब, म्हणजे कोळशाच्या ढकलगाड्या, भरणाऱ्या माणसांच्या जागी ओपनकास्टचे, म्हणजे वरून उघड्या खड्ड्याच्या खाणीचे, डंपर आले. काही पिकाऊ जमिनी त्या खड्ड्यात गेल्या, काहींवर मातीचे डोंगर उभे राहिले. डंपरला क्वार्टर लागत नाही, डंपरची बायको पेन्शन मागायला येत नाही. हिशेब चोख आहे.

शक्य असेल तर माणूस न होता हेक्टर व्हा. खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम २००९ साली आले. त्यात ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख, अशी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायचा हिशेब ठरला. खड्डा भरा, उतार करा, झाडं लावा. हेक्टरी. माणशी नव्हे.

आपल्याकडं असलं काही नाही, असं मानून निश्चिंत राहा. आमच्या खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कुणाला मीटरगेजचे दिवस विचारू नका, तो सोडणार नाही. मुरगाव बंदरातला परदेशी कोळसा लोंढ्यावरून बल्लारीकडं जातो, तो बघत उभे राहा. आई गाडी दिसली की डबे मोजायची, आता मोजत नाही.

तिला पुढच्या सोमवारी पुन्हा घेऊन यायला सांगितलंय. गुडघे गेलेली बाई, जिना चढून यायचं, कशाला? तर ती जिवंत आहे आणि आप्पांची बायको आहे हे साहेबांना बघायचंय. तिच्या नवऱ्यानं तुमच्या भिंतीआड काळं थुंकत आयुष्य काढलं. त्याच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापून घेताना मारोती की मारुती असा प्रश्न एकदाही पडला नाही. तेव्हा अंगठा चालला. आता द्यायची वेळ आली तर स्पेलिंग चुकतं? लाज वाटत नाही? रजिस्टर तुमचं, बाबू तुमचा, चूक तुमची आणि हेलपाटे आम्ही घालायचे! आणि इथले आपले लोक तरी काय, टेबलापलीकडं बसलेला मुलगा आमच्याच तालुक्यातला, घरी मराठी बोलतो, खुर्चीत बसला की ओळख दाखवत नाही. रजिस्टर सापडत नसेल तर "हरवलं" असं एका ओळीत लिहून खाली सही करा. वकील पुढचं बघून घेईल. तेवढी ओळ लिहायला तुमचा हात का उचलत नाही, ते आधी सांगा.