मान्यतेचा आग्रह आणि बाहेरच्या बायका : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लंडनच्या ग्रनविक कारखान्यातल्या संपावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपण चिंचवडच्या एका कारखान्यात कर्मचारी विभागात बरीच वर्षे काम केले आहे, वाटाघाटींच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसला आहात, त्यामुळे आपले आक्षेप ऐकीव नाहीत आणि त्यांना दोन ओळींत उत्तर देणे बरे दिसले नसते. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, संघटनेची मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणारी म्हणून मालकाने तिला मानणे, ही कायद्याने ठरणारी बाब आहे, तेव्हा संपकरी बायकांनी पगार आणि रजा मागाव्यात, मान्यतेसाठी अडून बसू नये. बाहेरच्या शिकलेल्या बायका पाठिंब्याला आल्या की संप त्यांचाच होऊन बसतो. आणि ग्रनविकच्या दारात एवढी गर्दी होऊनही तो संप हरला, मग त्याचे गोडवे कशासाठी गायचे? शेवटी आपण विचारले आहे की, पुण्यात बसून तुमच्या ओळखीच्या बायका नेमके काय करणार आहेत.

संपाच्या पराभवापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातच आहेत. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की, ग्रनविक हा वायव्य लंडनमधल्या विल्सडन भागातला फोटोंचे रोल धुऊन छापून देणारा कारखाना होता. तिथे कामाला बहुसंख्य बायका होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती होत्या. पगार आठवड्याला सुमारे २८ पौंड होता, जास्तीचे काम सक्तीचे होते आणि ते ऐनवेळी सांगितले जाई. स्वच्छतागृहात जायचे तरी परवानगी मागावी लागे. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई तिथून बाहेर पडल्या, त्यांच्या मागून इतर आल्या, आणि ‘अपेक्स’ या कामगार संघटनेत दाखल झाल्यावर त्यांची मुख्य मागणी ठरली ती संघटनेच्या मान्यतेची.

आता मालकाला खरोखर अडचण कधी झाली ते पाहा. ग्रनविकचा धंदा टपालाने चाले. गिऱ्हाईक पाकिटात रोल घालून पाठवी आणि छापलेले फोटो त्याला टपालानेच परत मिळत. नोव्हेंबर १९७६ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांनी ही पाकिटे हाताळायला नकार दिला, तेव्हा मालक काही दिवसांतच ‘अकास’ या सलोखा करणाऱ्या सरकारी मंडळाशी सहकार्य करायला तयार झाला. इकडे कोर्टकचेरीची धमकी होतीच, त्यामुळे बहिष्कार मागे घेतला गेला, आणि तो मागे घेतल्यावर मालकाने आत काम करणाऱ्या कामगारांची नावे-पत्ते द्यायचे टाळले. ‘अकास’ने ज्यांच्यापर्यंत पोहोचता आले त्यांची मते घेऊन मान्यतेची शिफारस केली, पण सगळ्या कामगारांना विचारले नाही या कारणाने डिसेंबर १९७७ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ती शिफारस रद्दबातल ठरवली. म्हणजे यादी ज्याने दिली नाही, त्यालाच यादी नसल्याचा फायदा मिळाला. त्याआधी ऑगस्ट १९७७ मध्ये लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशी न्यायालयाने, संपावर गेल्यामुळे काढून टाकलेल्यांना परत घ्यावे असे सुचवले होते, तेही मालकाने मानले नाही. कर्मचारी विभागात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला, कायदा आपोआप मान्यता देतो हे वाक्य या हकिगतीनंतर पूर्वीइतके सोपे वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

गर्दीबद्दल आपण लिहिले आहे त्यातले अर्धे मला मान्य आहे. मे १९७७ मध्ये शर्ली विल्यम्स या मंत्री असूनही संपकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. जून-जुलैमध्ये स्त्री-मुक्ती गटांतल्या बायका, शिक्षक, कारकून आणि यॉर्कशायरचे खाणकामगार हजारोंनी आले. साडी नेसलेल्या, बांध्याने लहान अशा जयाबेन आणि त्यांच्या मागे खाणकामगारांचा जमाव, हे चित्र वर्तमानपत्रांना आवडले. त्या गर्दीने त्या बायकांना धीर दिला, त्यांचा प्रश्न देशभर नेला, आणि हे काही कमी नव्हे. पण रोल येत राहिले आणि फोटो जात राहिले. कारखान्याजवळच्या क्रिकलवूडच्या टपाल कर्मचाऱ्यांनी १९७७ च्या उन्हाळ्यात पुन्हा पाकिटे अडवली तेव्हा त्यांना निलंबनाला तोंड द्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये जयाबेन आणि त्यांच्या सहकारी कामगार संघटनांच्या महासंघाच्या दारात उपोषणाला बसल्या, तर त्यांच्याच संघटनेने त्यांच्यावर कारवाई केली. जुलै १९७८ मध्ये संप संपला, तेव्हा ना मान्यता मिळाली होती ना नोकरी. यातून आपण काढलेला निष्कर्ष असा की, बाहेरच्यांची एकजूट निरुपयोगी असते. मी काढतो तो असा की, ज्यांच्या हातातून मालकाचे काम जाते त्यांनी ते काम करायला नकार दिला, तीच एकजूट लागू पडली, आणि ती मोडली गेली तेव्हा संप कोसळला. बाहेरचा आणि आतला हा भेद मग फारसा उरत नाही, कारण टपाल वाटणारा माणूसही ग्रनविकच्या दृष्टीने बाहेरचाच होता.

आता पुण्याकडे येतो. आपण महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याचा दाखला दिला आहे. त्यातली अट आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल: पन्नास किंवा अधिक कामगार असलेला उपक्रम, त्यातल्या किमान ३० टक्क्यांचे सलग सहा महिन्यांचे सभासदत्व, आणि मग औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज. तेव्हा कुठे सूचना फलक लावता येतो, आवारात वर्गणी गोळा करता येते आणि व्यवस्थापनाला चर्चेला बसावे लागते. नोंदणी सरकारदरबारी होते, मान्यता मालकाच्या दारात लागते. पहिली असून दुसरी नसेल तर पगारवाढ झाली तरी ती मालकाच्या मर्जीची राहते आणि पुढच्या वर्षी काढूनही घेता येते. म्हणून मी मान्यतेच्या मागणीला हट्ट म्हणत नाही. पगार मागायचा तरी कोणी कोणाशी बोलायचे हे आधी ठरावे लागते.

पण ही अट कोणाला बाहेर ठेवते तेही पाहायला हवे. कंत्राटदाराकडे झाडलोट करणाऱ्या बाईला आपला मालक कोण हेच आधी सिद्ध करावे लागते. सिप्ला या औषध कंपनीच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, मालक-कामगार हे नाते निर्विवाद असेल तरच या कायद्याखाली तक्रार चालेल. अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या. त्यांना मिळते ते मानधन, पगार नव्हे, आणि ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितला तेव्हा मान्य झाला. आणि चार घरची धुणे-भांडी करणारी बाई तर या चौकटीत कुठेच बसत नाही, कारण तिला एक मालक नाही, चार मालकिणी आहेत.

बाहेरच्या बायकांविषयीच्या आपल्या दुसऱ्या आक्षेपाची खरी कसोटी इथे लागते, म्हणून मी इथे जरा थांबतो. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. हा संप ज्यांच्या विरुद्ध होता त्या बहुतांशी स्त्रियाच होत्या. ग्रनविकच्या बायकांना पाठिंबा देणे मला किंवा माझ्या मैत्रिणींना सोपे आहे, तो कारखाना लंडनला होता. आपल्या ओट्यावर खरकटी भांडी पडलेली असताना संपाला पाठिंबा देणे हे निराळे आहे. आमच्याच भागातल्या एका मोठ्या सोसायटीत हे मी जवळून पाहिले आहे. तिथल्या कामाच्या बायकांनी मिळून एक कागद दिला. त्यात महिन्याला दोन खाडे पगारी धरावेत, दिवाळीला एक पगार बोनस द्यावा, पोळ्यांचा दर माणशी ठरवावा, आणि यापुढे दराबद्दल एकेकीशी वेगवेगळे न बोलता त्यांनी निवडलेल्या पाच जणींशी बोलावे, एवढेच लिहिले होते. पहिल्या तीन गोष्टी बऱ्याच घरांनी तोंडी कबूल केल्या. चौथीवर मात्र बिनसले. गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही करून, फोटो लावलेला पास गळ्यात घालून ज्या रोज आत येत होत्या, त्यांतल्या तिघींचे पास दुसऱ्या सकाळी रखवालदाराने काढून घेतले. सोसायटीच्या गटावर निरोप फिरला की, कोणी एकीने जास्त दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल, आणि बदली बायका एका एजन्सीकडून मागवता येतील.

आपण म्हणता तशा बाहेरच्या बायका तेव्हा आल्या असत्या, फलक धरून फोटो काढून गेल्या असत्या, तर त्याने त्या तिघींचे पास परत मिळाले नसते, यात शंका नाही. ते परत मिळाले ते त्याच सोसायटीतल्या काही घरांनी बदली बाई ठेवणार नाही असे लिहून दिले म्हणून. त्यांत नोकरी करणाऱ्या बायका होत्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचे करणारी एक होती, आणि तिच्यासाठी ते दिवस खरोखर अवघड गेले. एजन्सीकडून आलेल्या दोघींना गेटवर सगळे समजावून सांगितल्यावर त्याही परत गेल्या. त्यानंतर समितीने पाच जणींना बैठकीला बोलावले. कायद्याच्या भाषेत याला मान्यता म्हणत नाहीत. पण सतरंजीवर बसवून न ऐकता खुर्च्या देऊन, इतिवृत्तात त्यांची नावे लिहून त्यांचे म्हणणे ऐकले गेले, हे कर्मचारी विभागात काम केलेल्या आपल्याला कमी महत्त्वाचे वाटणार नाही.

शिकलेल्या बायका संप ताब्यात घेतात, या आपल्या भीतीला मी पुण्यातलेच एक उदाहरण देतो. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हा डॉ. बाबा आढाव यांच्याबरोबर लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या दोघी होत्या. त्या कचरा वेचणाऱ्या नव्हत्या. तरीही पंचायतीची पहिली मोठी मागणी वेचकांच्या जगण्यातूनच आलेली होती: ओळखपत्र. पाठीवर पोते घेऊन पहाटे निघालेल्या बाईला चोर समजून अडवले जात असे, आणि महापालिकेने संघटनेचे ओळखपत्र मान्य केल्यावर तिच्या हातात दाखवायला कागद आला. इथे कोणता एक मालक नव्हता, म्हणून मान्यता महापालिकेकडून घ्यावी लागली, आणि त्याच वाटेने पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करण्याच्या कराराला पात्र ठरली. शिकलेल्या बायकांनी काय केले असेल तर अर्ज लिहिले, कायदे वाचले, नगरसेवकांचे उंबरे झिजवले, आणि व्यासपीठावर बोलायची वेळ आली की माइक वेचकांच्या हातात दिला. संप किंवा संघटना कोणाच्या हातात जाते ते अशा कामाच्या वाटणीवर ठरते, कोण किती शिकले त्यावर नव्हे.

आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता थेट देतो. माझ्या ओळखीच्या ज्या बायका या विषयावर काही करू पाहतात, त्यांना मी तीन गोष्टी सांगतो. संप चालू असताना बदली बाई ठेवायची नाही, आणि संपाच्या दिवसांचा पगार खाडा म्हणून कापायचा नाही. अंगणवाडी सेविका संपावर असतील तर त्यांच्या घरच्या पोरांच्या जेवणाची आणि संपनिधीची व्यवस्था बघायची, पण अंगणवाडीचे कुलूप दुसऱ्या कोणाकडून उघडून घ्यायला कोणी सांगितले तर नाही म्हणायचे. आणि सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घरकामगारांच्या प्रतिनिधींशी बोलण्याचा विषय लेखी घालायचा, म्हणजे कोणी विरोध केला तर तोही इतिवृत्तात राहील. आपल्या सोसायटीतही आपण सचिव होतात असे प्रतिक्रियेत लिहिले आहे. असा विषय आपण मांडलात तर मसुदा करायला मी येईन. वाटाघाटीच्या टेबलाचा आपला अनुभव त्या बायकांच्या बाजूने वापरला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपला,
लेखक